दहा वाजून अकरा मिनिटं

माझ्या मुलीला 'खाडाखोड' हा शब्द माहीत नव्हता. ती दिल्लीत वाढलेली. आता गुरुग्रामला एका उंच सोसायटीत एकविसाव्या मजल्यावर राहते, आणि गेली काही वर्षं मीही तिच्याकडेच असते. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी कागदांवरचे आकडे बदलले आणि त्याची नोकरी गेली, असं ती जेवताना सांगत होती. मी म्हटलं, "म्हणजे खाडाखोड केली." ती म्हणाली, "काय केली?" लिहिलेल्यावर पुन्हा लिहायचं, आकडा फिरवायचा, असं मी समजावलं. "अच्छा, ओव्हररायटिंग," ती म्हणाली. मग पोळी मोडता मोडता म्हणाली, "असं करताना लोकांना काही वाटत कसं नाही गं, आई?"

वाटतं. पण ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. नुसती भाजी वाढली. म्हणून इथे लिहिते आहे.

ती अगदी लहान असतानाची गोष्ट. आम्ही रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे यजमान एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मी दुसऱ्या एका खात्यात आकडेवारीच्या विभागात. ह्यांना गाडी चालवण्याचं वेड. आठवडाभर फायलींवर मान मोडणारा हा माणूस रविवारी सकाळी आमच्या तीन मालक बदलून आलेल्या फियाटच्या स्टिअरिंगवर बसला, की ओळखू यायचा नाही. अशाच एका रविवारी इंडिया गेटजवळ नंबर चिकटवलेल्या गाड्यांची रांग दिसली. ह्यांनी गाडी बाजूला घेऊन चौकशी केली. ती एका क्लबची मोटार रॅली होती. पुढच्या रॅलीत आम्ही त्या रांगेत होतो.

रॅली म्हटलं की लोकांना धूळ उडवत सुसाट जाणाऱ्या गाड्या आठवतात. ही तशी नव्हती. हिच्यात वेळ पाळायची होती. निघताना हातात एक रोडबुक मिळायचं. कुठे वळायचं आणि कुठल्या टप्प्यात ताशी सरासरी किती वेग ठेवायचा, हे त्यात असायचं. कधी बत्तीस, कधी चोवीस, कधी एकेचाळीस. वाटेत कुठेतरी, आधी न सांगितलेल्या जागी, एक मार्शल घड्याळ घेऊन बसलेला असायचा. त्या जागेला कंट्रोल म्हणायचे. आपण पोचलो की तो आपल्या टाइम कार्डावर वेळ लिहायचा आणि सही करायचा. स्वतःच्या तक्त्यातही तीच वेळ आपल्या गाडीच्या नंबरासमोर नोंदवायचा. उशीर झाला तर मिनिटामागे दंडाचे गुण, लवकर पोचलं तर दुप्पट. ज्याचे दंडाचे गुण सर्वांत कमी, तो पहिला.

त्यामुळे गाडी चालवणाऱ्याइतकंच काम शेजारी बसून हिशेब करणाऱ्याचं. ते माझं. मला लहानपणापासून तोंडी हिशेब चांगला यायचा. इतके किलोमीटर झाले म्हणजे इतकी मिनिटं व्हायला हवीत, हे मी दर खांबागणिक सांगत जायची आणि हे त्याप्रमाणे पाय कमीजास्त दाबायचे. दुसऱ्याच वर्षी आमचा नंबर वर यायला लागला. बाकीच्या गाड्यांतली माणसं मला बघून म्हणायची, "भाभीजी तो मशीन हैं." मी वरवर लाजायची. आत मला ते फार आवडायचं.

लबाड्या तेव्हाही चालायच्या. कुणी मेहुण्याला मोटारसायकलवरून पुढे पाठवून कंट्रोल कुठे आहे ते बघून ठेवायचा. कुणी चांगल्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून नुसता तिच्या मागे जायचा. घरी आल्यावर मी ह्यांना म्हणायची, "असं जिंकण्यात काय आहे?" हे मी मनापासून म्हणायची. मी खोटं वागू शकेन असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मार्शलचं काम फुकटचं होतं. हौशी माणसं करायची. त्यांत एक मराठी काका होते, फौजेतल्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. मुलीचं कॉलेज व्हायचं होतं म्हणून दिल्लीतच राहिलेले, पालमला दोन खोल्यांत. त्यांची बायको पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या समारंभांना यायची, तिथे आमची ओळख झाली आणि घरोबा वाढला. काका मला 'पोरी' म्हणायचे. त्यांना वेळेचं भारी कौतुक. रॅलीच्या आदल्या दिवशी रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावून ते उशाशी ठेवायचे. एकदा मी त्यांच्या अक्षराबद्दल विचारलं होतं, कारण ते इंग्रजी साताच्या पोटात एक आडवी रेघ मारायचे. ते म्हणाले, "फौजेत शिकवतात. घाईत लिहिलेला एक आणि सात सारखे दिसतात. त्यावरून घोटाळा झाला तर माणसं मरतात, पोरी. म्हणून रेघ."

त्या जानेवारीतली रॅली दिल्लीहून सोहना, तिथून पलवल, मग आग्रा कालव्याच्या काठाकाठानं फरीदाबादकडे आणि सूरजकुंडला शेवट, अशी होती. वर्षातली ती मोठी रॅली. त्या मोसमात आम्ही दोनदा दुसरे आलो होतो. दोन्ही वेळा पहिले आले ते फरीदाबादचे एक कारखानदार आणि त्यांचा भाऊ. ह्यांच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. जॉइंट सेक्रेटरीसाहेबांनीसुद्धा विचारलं होतं म्हणे, या वेळी काय होणार.

सकाळी धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. पलवलच्या पुढे कालव्यापाशी रस्ता फुटतो, तिथे आमच्या पुढच्या दोन गाड्या चुकून दुसऱ्या काठानं गेल्या. आम्ही बरोबर गेलो आणि मी खूश होते. हातांत लोकरीचे मोजे, मांडीवर रोडबुक. मी आकडे सांगत होते, हे चालवत होते. आणि मग धुक्यातून एक लाल झेंडी दिसली, खुर्ची-टेबल दिसलं, आणि मफलर गुंडाळलेले काका दिसले.

हे खाली उतरून काच पुसायला लागले. मी खिडकीतून कार्ड दिलं. काकांचं बॉलपेन थंडीनं उमटेना. त्यांनी दोनदा फुंकर मारली, हाताच्या तळव्यावर घासलं. "तुझं दे बरं," ते म्हणाले. मी माझं दिलं. त्यांनी घड्याळ बघून कार्डावर लिहिलं, सही केली, पेन आणि कार्ड परत केलं. तक्त्यात त्यांनी पेन्सिलीनं नोंद केली. "सांभाळून जा, पुढं कालव्याला कठडा नाय," एवढं बोलून ते मागच्या गाडीच्या आवाजाकडे वळले.

मी कार्ड बघितलं. दहा अकरा. माझ्या हिशेबानंही दहा अकराच व्हायला हवे होते. सगळं चोख होतं. पुढचा टप्पा बघायला मी रोडबुकाचं पान उलटायला गेले, आणि मोज्यांमुळे दोन पानं एकदम उलटल्याचं माझ्या लक्षात आलं. आत्ता नव्हे, मघाशी कालव्यापाशी. मधल्या पानावर एक ओळ होती. कालव्यापासून सरासरी वेग बत्तीस नाही, चोवीस. साडेनऊ किलोमीटर आम्ही बत्तीसनं आलो होतो. आमची वेळ दहा सतराची होती. आम्ही सहा मिनिटं लवकर पोचलो होतो, म्हणजे दंड बारा मिनिटांचा. रॅली तिथेच संपली होती.

ह्यांना काहीच कल्पना नव्हती. वळणापुढे, काका दिसेनासे झाल्यावर, मी म्हटलं, "थांबवा. सहा मिनिटं थांबायचंय." घड्याळ सुरुवातीपासून धावत असतं, त्यामुळे पुढचा हिशेब बरोबर यायचा तर ती सहा मिनिटं कुठेतरी घालवावीच लागणार होती.

"का गं?"

"पुढच्या टप्प्यात आहे तसं."

माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी पुढे विचारलं नाही. ते उतरले, बॉनेटला टेकून हातावर हात चोळत उभे राहिले. मी थर्मासमधला चहा ओतून त्यांना खिडकीतून दिला. मग आत एकटी बसले. कार्ड मांडीवर होतं. पेन अजून हातातच होतं, तेच ज्यानं काकांनी लिहिलं होतं.

मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला एवढंच दिसत होतं की सूरजकुंडला सगळ्यांसमोर फळ्यावर आकडे लागतील, आणि लोक म्हणतील मशीन चुकलं. दुसऱ्या एकावर डोक्याशी एक छोटी रेघ ओढली की सात झाला असता. ती मी ओढली. मग बघितलं, तर तो सात काकांचा वाटेना. म्हणून त्याच्या पोटात आडवी रेघ मारली. ती दुसरी रेघ मारताना माझा हात अजिबात हलला नाही, हे मला अजून आठवतं. पहिल्या रेघेला घाई म्हणता येईल. दुसरीला काय म्हणायचं ते मला कधी कळलं नाही.

सहा मिनिटांनी मी काचेवर टकटक केली. हे आत बसले. "झाले?" "झाले." पुढचे सगळे कंट्रोल आम्ही मिनिटाला मिनीट गाठले. मी त्या दिवशीइतका चांगला हिशेब कधी केला नव्हता.

सूरजकुंडला उन्हात खुर्च्या मांडल्या होत्या. जेवणं झाली. निकाल लागायच्या आधी एका स्वयंसेविकेनं मला तंबूत बोलावलं. आत रॅलीचे प्रमुख बसले होते, ट्वीडचा कोट घातलेले एक वयस्क पंजाबी गृहस्थ, फार सभ्य. त्यांच्या शेजारी काका उभे होते. टेबलावर माझं कार्ड आणि काकांचा तक्ता.

"मॅडम, छोटीसी बात है," प्रमुख म्हणाले. "आपके कार्ड में दस सतरा है, सूबेदार साहब की शीट में दस ग्यारह."

काकांनी कार्ड उचललं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात काही संशय नव्हता. ते मदत मागत होते. त्यांना वाटलं असावं, मला आठवत असेल.

मी तेव्हा बोलले असते तर फार तर आमची गाडी बाद झाली असती. मी म्हणाले, "कार्ड पे तो इन्होंने ही लिखा है."

यातला शब्द न् शब्द तसा खरा होता. तेच त्यातलं वाईट.

"हां जी, लिखा तो मैंने ही है," काका म्हणाले. "साइन मेरा है. सात भी मेरा ही है."

"तो फिर शीट में ग़लती हुई होगी," प्रमुख म्हणाले. नियम असा होता की सही असलेलं कार्ड प्रमाण धरायचं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "कोहरा था, ठंड थी. इस उम्र में हो जाता है, सूबेदार साहब. अगली बार आपके साथ किसी जवान को बिठा देंगे."

काका ताठ उभे होते. "हो सकता है, साहब," ते म्हणाले.

आम्ही पहिले आलो. हातभर उंचीची चांदीच्या रंगाची ट्रॉफी होती. ह्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, आणि फोटोत मी हसते आहे. परत निघताना काका गाडीपाशी आले आणि म्हणाले, "अभिनंदन, पोरी. माझ्यामुळं उगाच तुला तंबूत यावं लागलं." मी म्हटलं, "असू दे हो, काका."

त्यानंतर काका मार्शल म्हणून गेले नाहीत. बोलावणं आलं होतं, पण सोबत कुणीतरी बसणार म्हटल्यावर ते नको म्हणाले. आम्ही दोन-तीन रॅल्या केल्या. मग मी मुलीच्या आजारपणाचं, ऑफिसातल्या कामाचं, काहीतरी निमित्त काढत गेले. हे नाराज झाले, पण ट्रॉफी शोकेसमध्ये होती आणि आल्यागेल्याला दाखवता येत होती. काकांकडे आम्ही जात होतो. दिवाळीला फराळ न्यायची, आंबे आले की आंबे. नेहमीपेक्षा जास्तच न्यायची. एकदा त्यांनी नवा चष्मा दाखवला. "आता सगळं लख्ख दिसतं," म्हणाले. मला वाटलं, चला, चष्म्यावर भागलं.

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला मी काकूंकडे हळदीकुंकवाला गेले. बाकीच्या बायका गेल्यावर काकूंनी मला थांबवून घेतलं. काका आतल्या खोलीत होते. काकू हळू आवाजात बोलत होत्या.

"ह्यांचं काहीतरी बिनसलंय. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळ्यांत काही दोष नाही, वाचायला साधा नंबर तेवढा. तेव्हापासून घेतलंय मनात. डोळे चांगले असून चुकलो म्हणजे डोकं चाललं, म्हणतात. सासऱ्यांचं असंच झालं होतं ना. साठीला आले आणि पोटच्या पोरांना ओळखेनात. हे तेव्हा रजेवर आले होते, ह्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

मी हातातल्या वाणाकडे बघत होते. प्लॅस्टिकचा एक लहान डबा होता.

"स्कूटर विकून टाकली," काकू म्हणाल्या. "कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. वहीत लिहून ठेवतात सगळं, दूध घेतलं, गॅस बंद केला. मग वही बघतात आणि पुन्हा जाऊन गॅस बघतात. त्या रॅलीपासून हे. तू होतीस ना गं तिथं, एवढं काय झालं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "छोटीशी गोष्ट होती."

हे लिहितानाही मला मान वर करवत नाही. त्या बाईनं मला सरळ विचारलं होतं, आत तो माणूस बसलेला होता, आणि मी तिळगूळ घेऊन घरी आले.

त्यानंतर तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी हे शोकेसची काच पुसत होते, तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचा हात फडक्यासह तसाच राहिला होता. मग म्हणाले, "म्हणजे तू मला बाहेर उभं केलंस."

"हो."

"मी तिथे चहा पीत होतो."

त्यांना सगळ्यात जास्त ते लागलं असावं. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काकांना सांग. सांगायलाच पाहिजे. पण क्लबला कशाला? माझ्या ऑफिसात काय तोंड दाखवू?" मला तेच ऐकायचं होतं.

मी एकटी पालमला गेले. काकू बाजारात गेल्या होत्या. काका दारातल्या खुर्चीवर उन्हात बसले होते, मांडीवर ती वही. मी त्यांच्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसले आणि सांगितलं. दहा अकराच होते. सात मी केला. रेघही मीच मारली.

काकांनी आधी नुसतं विचारलं, "दहा अकराच होते?"

"हो, काका."

"तक्त्यात मी बरोबर लिहिलं होतं?"

"हो."

त्यांनी वही मिटली. डोळे मिटून घेतले. मला वाटलं ते रडतील, किंवा मला हाकलून देतील. ते म्हणाले, "वर्षभर मी रोज सकाळी उठलो की आधी बायकोचं नाव आठवून बघत होतो. येतंय का." त्यांनी वही खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, क्लबला लेखी द्या. मग माझ्याकडं या."

त्यांनी मला ताई म्हटलं होतं. आणि तुम्ही.

पत्राचा मसुदा ह्यांनी केला, ऑफिसच्या इंग्रजीत. अमुक रॅलीतील नोंदीत अनवधानाने तफावत राहून गेली होती, संबंधित मार्शलचा त्यात कोणताही दोष नव्हता, तरी कृपया नोंद घ्यावी. मी ते टाइप केलं. वाचताना मला फार हलकं वाटलं, आणि हलकं वाटतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे हे त्याच क्षणी कळायला हवं होतं. पाठवण्याआधी प्रत काकांना दाखवायला नेली.

काकांनी चष्मा लावून एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचलं. मग कागद माझ्याकडे दिला. "तफावत राहिली म्हणता. कुणी केली ते कुठंय?"

मी कागदाची घडी घातली.

"यात माणूसच नाय, ताई. असं पत्र मला नको."

मी तिथेच बसून, त्यांच्याच वहीतलं पान मागून घेऊन, हिंदीत तीन ओळी लिहिल्या. सूबेदार साहब ने दस ग्यारह लिखा था. मैंने बदलकर दस सतरा किया. मैं उस दिन तंबू में चुप रही. खाली माझी सही. काकांनी वाचलं आणि मान हलवली.

ते पत्र आणि ट्रॉफी घेऊन मी रॅलीच्या प्रमुखांकडे गेले. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली. "इसकी क्या ज़रूरत थी, मॅडम? पुरानी बात है. कौन पूछ रहा है?" मी म्हटलं, मार्शलना लेखी कळवा की त्यांची चूक नव्हती. ते त्यांनी मान्य केलं. ट्रॉफी मात्र घेईनात. निकाल बदलायचा म्हणजे समिती बोलवावी लागेल, लोक बोलतील, क्लबचं नाव खराब होईल. "आप ही दे आइए दूसरे नंबर वालों को, चुपचाप," ते म्हणाले.

म्हणून मी फरीदाबादला गेले. दुसरे आलेल्या त्या कारखानदारांच्या केबिनमध्ये पिशवीतून ट्रॉफी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं. आता सांगायची सवय झाली होती, त्याचीही मला लाज वाटत होती. ते ऐकत राहिले आणि मग हसायला लागले. मनमोकळं हसत होते. चहा मागवला.

"भाभीजी, आप भी ना. हमारे पास तो कंट्रोल की लिस्ट एक दिन पहले आ गई थी. सब को थोड़ा-थोड़ा करना पड़ता है." त्यांनी ट्रॉफी उचलून बघितली आणि कपाटावर बाकीच्या ट्रॉफ्यांच्या ओळीत ठेवून दिली. "इतना दिल पे मत लीजिए."

मी तो चहा प्यायले. बाहेर येऊन बसच्या थांब्यावर उभी राहिले. मला वाटलं होतं, थोडं ओझं उतरेल. उलट एक गोष्ट स्वच्छ झाली. त्या दिवशी पलवलपासून सूरजकुंडपर्यंत सरळ वागणारं एकच माणूस मला ठाऊक होतं, आणि त्यालाच आम्ही तंबूत उभं केलं होतं.

क्लबचं पत्र काकांना मिळालं. काकूंनी ते देवाच्या फोटोशेजारी ठेवल्याचं ह्यांनी सांगितलं. हे अधूनमधून त्यांच्याकडे जात राहिले, मी जात नव्हते. काका पुढच्या मोसमात एकदा कंट्रोलवर बसले, एकटे. वही लिहिणं सुटलं. पण स्कूटर त्यांनी पुन्हा घेतली नाही, आणि किल्ल्या काकूंकडेच राहिल्या. काकू ह्यांना म्हणाल्या, गॅस मात्र अजून दोनदा बघतात. वर्षभर पोसलेली भीती तीन ओळींच्या पत्रानं सगळी जात नाही.

त्यांच्या मुलीचं कॉलेज संपल्यावर ते गावी निघून गेले. दोन वर्षांनी तिच्या लग्नाची पत्रिका आली. वर फक्त ह्यांचं नाव होतं. पूर्वीच्या आमंत्रणांवर काकूंच्या अक्षरात आम्हा दोघांची नावं असायची, खाली आमच्या मुलीचंही. ही काकांच्या हातची होती.

"चल की," हे म्हणाले. "विसरले असतील लिहायला."

"ते विसरत नाहीत," मी म्हटलं.

हे एकटे गेले. मी त्यांच्याबरोबर नव्या जोडप्यासाठी आहेर पाठवला, त्यावर नाव ह्यांचंच घातलं. चार दिवसांनी परत आले, कपडे बदलले, जेवायला बसले. लग्न चांगलं झालं, गावात मांडव घातला होता, काका सगळीकडे स्वतः फिरत होते, असं सांगत होते. मी आमटी वाढत होते.

"माझं विचारलं का?"

"काकूंनी विचारलं. बरी आहे म्हटलं."

"आणि काकांनी?"

ह्यांनी पानातला भात कालवला. "नाही," ते म्हणाले.